कोपरखैरण्याहून ऐरोली तीन स्टेशनं, वाशी पण तीनच

नवी मुंबईतल्या एका ताईंचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात सांगते. ताई कोपरखैरण्याला राहतात, बीकॉम आहेत, लग्नानंतर नोकरी सुटली तेव्हा घरीच ट्युशन सुरू केली, त्याला आता सात वर्षं झाली. पाचवी ते नववीची अकरा मुलं येतात, बहुतेक सेमी इंग्लिशची. नववीला केवलमूल्य (म्हणजे मॉड, संख्येच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा काढून लिहितात ते) आलं की त्या दरवर्षी एकच सांगायच्या, "मॉड दिसला की मायनस काढून टाका." यंदा युनिट टेस्टला त्यांच्या एका विद्यार्थिनीने −|−७| चं उत्तर ७ लिहिलं आणि मार्क गेले. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलाने अकरावीतल्या दादाची वही आणून दाखवली, "टीचर, इथे |क्ष| = −क्ष लिहिलंय, मॉडमधून मायनस बाहेर कसा आला?" ताईंना उत्तर सुचलं नाही, त्या म्हणाल्या "ते आपल्याला नाहीये, सोड." मग त्या मुलीची आई जिन्यात भेटली आणि बोलून गेली की निदान बेसिक तरी नीट शिकवा. मिस्टर म्हणतात नववी सोड, सातवीपर्यंतच घे, उगाच डोक्याला ताप कशाला. नववीची तीन मुलं गेली तर महिन्याचे साडेचार हजार जातात. ताई विचारतात: "बाई, मी नववी सोडू का? की काही न बोलता बरोबर नियम सांगून पुढे जाऊ? मला गणित येतच नाही असं वाटायला लागलंय, मग इतकी वर्षं मी शिकवलं तरी काय?"

तू मला बाई म्हटलंस म्हणून मी सरळ तूच म्हणते. ठाण्यात सत्तावीस वर्षं मी आठवी ते दहावीला गणित शिकवलंय, आणि तुझं पत्र वाचल्यावर पहिलं काय वाटलं तर जी बाई एका मायनससाठी रात्री झोपत नाही तिच्याकडे पोरं पाठवायला मला आवडेल. पण नुसतं असं म्हणून तुझं काम होणार नाही, म्हणून आधी गणित सोडवू आणि मग क्लासचं बोलू, कारण क्लासच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर गणितातच आहे. (पुस्तकात एक्स असतो तिथे मी क्ष लिहितेय, तेवढं समजून घे.)

तुझा नियम खोटा नव्हता गं. |−७| = ७, |७| = ७, इथपर्यंत "मायनस काढा" एकदम बरोबर चालतं. आपण दुसरीच्या पोराला सांगतोच की, ३ मधून ८ जात नाहीत, शेजारून दशक उसना घे. सहावीत तेच पोर पूर्णांक शिकतं आणि ३ − ८ = −५ लिहितं, तेव्हा आपण दुसरीच्या बाईंना कोणी खोटारडं म्हणत नाही. नियम तेवढ्याच आवारापुरता होता. तुझ्या नियमाचं आवार म्हणजे दोन रेघांच्या आत सुटा एक आकडा, बाहेर काही नाही, अक्षर नाही. नववीत ते आवार संपतं आणि हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, बहुतेक तुझ्या शाळेतही तुला असंच शिकवलं असणार.

आता हा नियम आवाराबाहेर कुठे कुठे पाय घसरवतो ते बघ, कारण त्या मुलीची चूक ही त्यातली फक्त एक आहे आणि बाकीच्या तुझ्या वह्यांमध्ये आत्ता पडलेल्या असतील, शोध. |३ − ८| हे पोरं |३ + ८| करून ११ लिहितात. का नाही लिहिणार, मायनस दिसला, काढला! खरं उत्तर |−५| म्हणजे ५. मग |−६| − |−१०| घे, काही पोरं याचं १६ करतात कारण त्यांनी सगळेच मायनस झाडून टाकले, मधला वजाबाकीचा सुद्धा. आणि हुशार पोर ६ − १० = −४ इथपर्यंत बरोबर येतं आणि मग घाबरून ४ लिहितं, कारण "मॉडचं उत्तर मायनस येत नाही" हे त्याच्या डोक्यात बसलंय. मॉडचं येत नाहीच, पण हे एका मॉडचं उत्तर नाहीये, दोन मॉडमधली वजाबाकी आहे, ती खुशाल मायनस येऊ शकते. ही शेवटची चूक मी सगळ्यात जास्त वेळा तपासलीये आणि तिचं मला सगळ्यात वाईट वाटायचं, पोराने सगळं बरोबर केलेलं असतं आणि शेवटच्या पायरीला आपल्याच एका वाक्याने त्याला पाडलेलं असतं.

मग काय सांगायचं? एकच गोष्ट: केवलमूल्य म्हणजे शून्यापासूनचं अंतर. हे पुस्तकात आहेच, संख्यारेषा काढून दिलेलं आहे, पण ती ओळ आपण वाचतो आणि पुढे जातो, कारण "मायनस काढा" पटकन लिहून होतं. तू पुढे जाऊ नकोस, तिथेच एक पूर्ण संध्याकाळ घालव, आणि तुला तर त्यासाठी फळ्यावर रेघ पण काढायला नको, तुमच्या दारातून रेल्वे जाते.

कोपरखैरणे शून्य धर, म्हणजे तुझं घर. वाशीकडची दिशा प्लस: तुर्भे १, सानपाडा २, वाशी ३. ठाण्याकडची दिशा मायनस: घणसोली −१, रबाळे −२, ऐरोली −३, दिघा गाव −४, ठाणे −५. (दिघा गाव २०२४ ला सुरू झालं, त्याआधी ठाणे −४ वर असतं, पोरांना हे सांग, त्यांना अशा गोष्टी आवडतात.) आता विचार, ऐरोली किती स्टेशनं लांब? कुठलंही पोर "मायनस तीन स्टेशनं लांब" म्हणणार नाही, तीन म्हणेल. वाशी किती लांब, तीनच. झालं, |−३| = ३ आणि |३| = ३, इथे कोणी काही काढलेलं नाही बघ, फक्त "कुठल्या बाजूला" हा प्रश्न विचारला नाही, "किती लांब" एवढाच विचारला. आणि |०| = ०, घरापासून घर, यात शिकवायचं काही नाही.

एक सांभाळ. हे स्टेशनांचं मोजणं आहे, किलोमीटरचं नाही, दोन स्टेशनांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. एखादं चौकस पोर विचारेलच. त्याला म्हण, बरोबर बोललास, आपण थांबे मोजतोय, आणि वहीतल्या संख्यारेषेवर मात्र सगळे टप्पे सारखे. वाशीनंतरही संख्यारेषा संपत नाही, तीही पुढे जातच राहते, हे पण सांगून टाक.

आता दोन स्टेशनांमधलं अंतर. ठाणे −५, वाशी ३. |३ − (−५)| = |८| = ८. उलट्या बाजूने |−५ − ३| = |−८| = ८. पोरांना विचार, ठाणे-वाशी तिकीट आणि वाशी-ठाणे तिकीट वेगवेगळं असतं का. नसतं. म्हणून |अ − ब| आणि |ब − अ| नेहमी सारखे. हे एकदा गाडीत बसून कळलं की मग कोणी विसरत नाही.

आणि याच गाडीत ती दुसरी मोठी चूक पण सुटते, |−५ + ३| ला |−५| + |३| करण्याची. समजा कोणी कोपरखैरण्याहून चुकून ठाण्याच्या गाडीत बसलं, झोप लागली, ठाणे आल्यावर उठलं, परतीची गाडी पकडली आणि तीन स्टेशनं येऊन रबाळ्याला उतरलं. प्रवास किती स्टेशनांचा झाला? पाच अधिक तीन, आठ. घरापासून किती लांब आहे? दोन. प्रवास हा |−५| + |३| = ८, आणि घरापासूनचं अंतर हे |−५ + ३| = |−२| = २. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी उत्तरं, म्हणून बेरजेवर मॉड तोडून वाटता येत नाही. गुणाकारावर मात्र येतो, |−४ × ३| = |−४| × |३| = १२, भागाकारावर पण, खाली शून्य नसला की झालं. पोरं हे नेमकं उलटं लक्षात ठेवतात, म्हणून पाठ करायला देऊ नकोस, प्रत्येक वेळी झोपलेल्या माणसाची आठवण कर.

आता त्या मुलीचं −|−७|. इथे दोन गोष्टी शिकवायच्यात. एक, त्या दोन उभ्या रेघा मोजमाप तर आहेतच पण कंसाचं काम पण करतात. कंचेभागुबेव पोरांना पाठ आहे, त्यातल्या "कं"मध्ये हा मॉड पण आला असं सांग. आधी आतलं सगळं सोडवून एकच आकडा करायचा, मग तो शून्यापासून किती लांब ते लिहायचं, आणि तेवढं झालं की रेघा गेल्या, मग बाहेर जे असेल ते करायचं. दोन, बाहेरचा मायनस हा रेघांच्या बाहेर उभा आहे, त्याला मॉड हातच लावत नाही. −|−७|: आत −७, अंतर ७, बाहेरचा मायनस जिथे होता तिथेच, उत्तर −७. आणि हे शिकवताना शेजारी −(−७) = ७ लिही. दोन्ही एकाखाली एक. गोल कंसात मायनसला मायनस भेटतो, उभ्या रेघांमध्ये बाहेरच्या मायनसच्या आधीच आतला ७ झालेला असतो. मला खात्री वाटते की त्या मुलीने या दोन्हीत गल्लत केली, नुसता तुझा नियम वापरला असंही नाही, दोन मायनसचा प्लस होतो हे तिला आधीपासून येत होतं आणि तिने ते इथे लावलं. म्हणजे तिला बेसिक येतंच की, फक्त जागा चुकली. तिच्या आईला हे सांगता येईल, खाली बोलते त्यावर.

मग जरा लांबलचक दे. ४ − |२ − ९|, आत −७, अंतर ७, ४ − ७ = −३. २|क्ष − ५| + क्ष, क्ष = १ असताना: आधी क्षच्या जागी १ ठेव, |१ − ५| = |−४| = ४, दोन चोक आठ, अधिक एक, ९. मायनस काढणारं पोर इथे |१ + ५| करून १३ आणतं, तू मुद्दाम ते पण फळ्यावर लिही आणि विचार की हे कसं आलं असेल. चूक शोधायला दिली की पोरं आपल्यापेक्षा कडक मास्तर होतात.

आता त्या मुलाचा प्रश्न, मला तुझ्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग तोच वाटला. |क्ष| = −क्ष. त्याच्या दादाच्या वहीत नुसतं एवढंच नसणार, पुढे "जर क्ष < ०" असणार, आणि त्याच्या वर "|क्ष| = क्ष, जर क्ष ≥ ०" असणार. त्याने एक ओळ वाचली आणि तू पण घाईत तीच बघितलीस. पण अट वाचली तरी त्याचा प्रश्न उरतोच, अंतर मायनस कसं येईल?

गोम अशी आहे की −क्ष हे दिसायला मायनस आहे, किंमत मायनस असेलच असं नाही. क्षच्या अंगावर मायनस दिसत नाही म्हणून क्ष पॉझिटिव्ह, आणि −क्षच्या अंगावर दिसतो म्हणून तो निगेटिव्ह, हा समज सगळ्या बीजगणिताला पुरून उरतो, दहावीपर्यंत जात नाही. क्ष हा झाकण लावलेला डबा आहे, आत −४ पण असेल. म्हणून मी वर्गात −क्ष वाचायलाच वेगळं लावायचे, "क्षची विरुद्ध संख्या". विरुद्ध संख्या हा शब्द पोरं सहावीत पूर्णांकांत शिकलेली असतात, नवीन काही नाही. डब्यात −४ असेल तर त्याची विरुद्ध संख्या ४. घरापासून अंतर ४. म्हणून क्ष = −४ असताना |क्ष| = −क्ष = ४. मायनस बाहेर आला नाही, क्षच्या पोटात एक मायनस आधीच होता त्याला उलटवायला हा दुसरा लावला.

त्याला समजावून सांगत बसू नकोस, तक्ता करायला दे. तीन रकाने, क्ष, −क्ष, |क्ष|. पहिल्या रकान्यात −४, −१, ०, २, ५. त्याचं त्याने भरायचं आणि मग विचार, तिसरा रकाना कधी पहिल्यासारखा आहे आणि कधी दुसऱ्यासारखा. वरच्या दोन ओळींत दुसऱ्यासारखा, खालच्या दोन ओळींत पहिल्यासारखा, शून्याला दोन्हीसारखा. तो नियम त्याने स्वतः लिहिलेला असेल, दादाच्या वहीतून उतरवलेला नाही. आणि एवढं कळलं की सोपं रूप देताना |−३क्ष| चं ३क्ष का लिहायचं नाही, ३|क्ष| का लिहायचं, हे पण सुटलं. क्ष = −२ ठेवून बघ, |६| = ६, आणि ३क्ष तर −६ येतंय. तसंच |क्ष − ७|, क्ष सातहून लहान असेल तर ७ − क्ष. पण |६क्ष²| ला मात्र रेघा सरळ काढता येतात, वर्ग कधी ऋण येत नाही, त्यामुळे आत काही लपलेलं नाहीये.

उलटा प्रश्न पण येतो, |क्ष − ४| = ३. "मायनस काढा"वालं पोर इथे ढिम्म बसतं, काय काढायचं! गाडीवालं पोर म्हणतं, ४ पासून तीन स्टेशनं लांब असणारी ठिकाणं, एक ७ आणि एक १. आणि |क्ष| = −२ दिलं की "असं ठिकाणच नाही" म्हणून मोकळं होतं, कारण उणे दोन स्टेशनं लांब कोणी राहत नाही.

या उभ्या रेघा वायरश्ट्रास नावाच्या जर्मन गणितीने १८४१ मध्ये वापरल्या, आणि मॉड हा मॉड्युलसचा तुकडा, मोजण्याच्या मापाशी नातं सांगणारा शब्द. म्हणजे पहिल्यापासूनच हे लांबी मोजायचं काम आहे. पोरांना वर्ष सांगितलंस तर चांगलं, त्यांना वाटत असतं गणित आकाशातून पडलं.

आता क्लासचं. तुझ्या पत्रात तीन गोष्टी तू धरून चालली आहेस, त्या मला खटकल्या.

पहिली, उत्तर आलं नाही म्हणजे मला गणित येत नाही. तसं नसतं. तुला उत्तर येत नव्हतं त्या दिवशी, त्या मिनिटाला, समोर अकरा पोरं, त्यात पाचवीचं एक पेन्सिल मागतंय आणि गॅसवर कुकर. पण तू "ते आपल्याला नाहीये" म्हणालीस, ते चुकलं, आणि मी हे वरून बोलत नाहीये. माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी एका मुलाने विचारलं होतं, मायनसला मायनसने गुणलं की प्लस का येतो. मला नीट सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, परीक्षेत किती ते विचारतात, का ते विचारत नाहीत. वर्ग हसला. त्या मुलाने नंतर वर्षभर हात वर केला नाही. तो आता पन्नाशीला आला असेल आणि मला अजून त्याचा बाक आठवतो. तुझा तो विद्यार्थी अजून तुझ्याकडे येतोय, तेव्हा तुझ्या हातात वेळ आहे. उद्याच म्हण, "परवा तू विचारलंस त्याचं मला तेव्हा उत्तर येत नव्हतं, आता बघितलंय, ये तक्ता करू." एवढंच. लांबण लावायची नाही.

दुसरी, चूक कबूल केली की पोरांच्या मनातला मान जाईल. म्हणून तू विचारतेयस की गुपचूप बरोबर नियम सांगून पुढे जाऊ का. मला हा मार्ग नको वाटतो आणि कारण मानापेक्षा व्यवहाराचं आहे: गुपचूप बदललंस तर पोरांच्या डोक्यात दोन नियम राहतील, जुना आणि नवा, आणि परीक्षेत घाईला जुनाच वर येतो, तो आधी शिकलेला असतो ना. जुना नियम नाव घेऊन मोडावा लागतो. फळ्यावर लिही "मॉड म्हणजे मायनस काढा" आणि पोरांनाच सांग की हा नियम कुठे फसतो त्याची तीन उदाहरणं शोधा. त्यात तुझी माफी पण आली आणि शिकवणं पण आलं. आणि मान जाण्याचं म्हणशील तर पोरांना सगळं आधीच कळलेलं असतं, मार्क त्यांचे गेलेत.

तिसरी, त्या आईचं बोलणं म्हणजे तुझ्या सात वर्षांवरचा निकाल. ती जिन्यात, हातात भाजी, पोरीचा पेपर बघून आलेली आई होती. मार्कांबद्दल ती बरोबर होती, तुझ्याबद्दल तिला एका गणितावरून कळणार नाही. तिला टाळू नकोस. फोन कर किंवा घरी जा, दहा मिनिटं, पोरीची वही सोबत ने, आणि नेमकं बोल: "मी सांगितलेला नियम अपुरा होता, त्यामुळे हे गणित चुकलं, या आठवड्यात सगळ्यांचं परत घेतेय, ही तिने सोडवलेली नवीन पाच." हे बोलायला वही हवी, म्हणून आधी पोरीचं शिकवणं आणि मग फोन, उलटं नको. फी कमी करते, महिना फुकट घेते, असलं काही बोलू नकोस. लाजेपोटी फी सोडली की पुढच्या वेळी चूक सांगायची हिंमत होत नाही, कारण मग प्रत्येक चुकीची किंमत लागते.

आता नववी सोडावी का. मिस्टरांना तू दमलेली दिसतेस म्हणून ते बोलतात, त्यात राग मानू नकोस, पण त्यांना माहीत नाही की तुला त्रास नववीचा नाहीये, तयारी न करता नववी घ्यायचा आहे. पाच इयत्ता एका खोलीत बसवून तू सातवीचं पुस्तक जसं न बघता शिकवू शकतेस तसं नववीचं होत नाही, माझंही कधी झालं नाही, सत्ताविसाव्या वर्षीही मी आदल्या रात्री सरावसंच सोडवून जायचे. तर माझं म्हणणं असं, वर्षाच्या मध्ये सोडू नकोस, ती तीन पोरं जातील कुठे, आता नवीन क्लास लावला तर तिथला अर्धा पोर्शन होऊन गेलेला असणार. दिवाळीपर्यंत एक कर. दर रविवारी पुढच्या आठवड्याचा सरावसंच स्वतः वहीत सोडव, उत्तरं मागे न बघता. जिथे अडशील तिथे खूण कर, आणि प्रत्येक खुणेला "हे असं का" एवढं एक वाक्य स्वतःच्या शब्दात लिहिता येतंय का बघ. आठवड्याला दीड-दोन तास लागतील. दिवाळीला वही उघडून बघ. खुणा कमी होत चालल्या असतील आणि तुला त्या दोन तासांत मजा येत असेल तर नववी ठेव, पुढच्या वर्षी पण ठेव. खुणा तेवढ्याच असतील किंवा रविवार आला की पोटात गोळा येत असेल, तर मार्चपर्यंत ही तीन पोरं पार लाव आणि नवीन नववी घेऊ नकोस. तो निर्णय मग तुझा असेल, जिन्यातल्या एका वाक्याचा नसेल. साडेचार हजार ही खरी गोष्ट आहे, मी ते उडवून लावत नाही, पण सहावी-सातवीची दोन-तीन पोरं वाढवून ते भरून निघू शकतात, त्यामुळे पैशाच्या भीतीने तर नववी धरून बसू नकोसच.

आणि "इतकी वर्षं काय शिकवलं" याचं उत्तर मी देणार नाही, जुन्या पोरांपैकी कोणी रस्त्यात भेटतं ना, त्यांना विचार. पण मागच्या वर्षी नववी झालेली जी पोरं आता दहावीला असतील आणि अजून सोसायटीत दिसत असतील, त्यांना एका संध्याकाळी बोलावून हे केवलमूल्य परत सांग. अकरावीला सायन्स घेतलं तर त्यांना हाच |क्ष| पावलोपावली भेटणार आहे, क्ष²चं वर्गमूळ क्ष नसतं, |क्ष| असतं, तिथपासून. अर्धा तास पुरेल.

ज्या पालकांनी हे वाचलं आणि जे घरी शिकवतात, त्यांच्यासाठी पण हेच, रात्री जेवताना विचारा की घरापासून शाळा किती लांब आणि शाळेपासून घर किती लांब. कोपरखैरण्याला राहत नसाल तर तुमचं स्टेशन शून्य धरा. लिफ्टमधलं बेसमेंट −२ पण चालतं, वाण्याची उधारी पण चालते, वहीत −३४० असलं तरी आपण "तीनशे चाळीस द्यायचेत" असंच म्हणतो.

एक राहिलं, ताई, फार बारीक आहे पण यात मी किती मार्क जाताना बघितलेत. सेमीची पोरं आकडे इंग्रजीत लिहितात, आणि इंग्रजी एक म्हणजे पण उभी रेघच. २|−३| लिहिताना रेघ बुटकी काढली की दुसऱ्या ओळीला पोर स्वतःच ते एकवीस वाचतं आणि पुढे सगळं गणित एकवीसचं होतं. रेघा आकड्यांपेक्षा वर आणि खाली दोन्हीकडे बाहेर येतील इतक्या उंच काढायला लाव, पहिल्या दिवसापासून, आणि त्या मुलीची टेस्टची वही हातात आली की हे पण बघून घे.